विहीणबाईंचा आवाज कुठे गेला

डोंगरातल्या कोचकोर गावात लग्न दोनदा लागतं. एकदा हॉलमध्ये, आणि दुसऱ्यांदा जुमागुलनं केलेली फिल्म घरच्या टीव्हीवर लागते तेव्हा. पहिल्या लग्नात माणसं मटण खातात. दुसऱ्यात आपण कसे दिसलो आणि काय बोललो ते बघतात, आणि खरं समाधान त्यातच असतं.

जुमागुल पूर्वी शाळेत गाणं शिकवायची. शाळेतला पियानो उंदरांनी आतून कुरतडला आणि नवा काही आला नाही, तेव्हा तिनं नवऱ्याच्या धंद्यात लक्ष घातलं. मायरामबेक लग्नांतून कॅमेरा धरायचा आणि जे काही टिपलं असेल ते तसंच्या तसं लोकांच्या हातात ठेवायचा. त्यात बराच वेळ त्याचे स्वतःचे बूट दिसत, कारण कॅमेरा बंद करायचं त्याच्या लक्षात राहत नसे. जुमागुल कॉम्प्युटरपुढे बसली, कापायला आणि जोडायला शिकली, आणि बूट गेले.

पण तिचं नाव झालं ते न कापण्याबद्दल. लग्नात माइक सगळ्यांच्या हातून फिरतो. थोरल्या आजोबांपासून ते मावसभावाच्या शेजाऱ्यापर्यंत प्रत्येकजण वधूवरांना आशीर्वाद देतो, म्हणजे स्वतःविषयी बोलतो. हॉलमध्ये ते कुणीही ऐकत नाही, कारण तेव्हा समोर ताट आलेलं असतं. फिल्ममध्ये मात्र प्रत्येकाचं बोलणं हवं, पूर्ण हवं, आणि वयाच्या व नात्याच्या क्रमानं हवं. एखाद्याचं राहिलं तर तो त्या घरच्या मयतीलाही फिरकत नाही. जुमागुलला सगळ्या गावाचे हे क्रम तोंडपाठ होते. ‘जुमागुलनं कुणाची जीभ कापली नाही,’ असं बायका म्हणत, आणि हे सर्टिफिकेट शाळेतल्या सर्टिफिकेटपेक्षा मोठं होतं.

यंदा शरदात तिच्या एकुलत्या एका लेकीचं, बेगायिमचं लग्न झालं. सासर नारिनचं. घाट ओलांडला की नारिन, पण एवढ्या अंतरालाही शिष्टाचाराचा घाट वेगळा असतो. लेक पहिल्यांदा माहेरी येते ती सासरच्यांनी आणली तर, भेटवस्तूंसकट, वाजतगाजत. कधी आणायची ते सासू ठरवते. तोवर आईनं वाट बघायची. आपणहून लेकीच्या दारात जाऊन उभं राहिलं तर ‘हिला करमत नाही’ म्हणतात, आणि आईला करमत नाही ही त्या भागात लाजिरवाणी गोष्ट आहे.

जुमागुलला करमत नव्हतं. म्हणून तिनं फिल्म करायला घेतली.

लेकीच्या फिल्मसाठी तिनं नवी डिस्क आणली. हॉलमधल्या माइकवरचा आवाज वेगळ्या यंत्रात भरला जाई, तो सगळा या डिस्कवर. चित्रं कॉम्प्युटरच्या पोटात. बाकीच्यांच्या लग्नांच्या डिस्क खिडकीच्या कट्ट्यावर उघड्यानागड्या पडलेल्या असत. लेकीचं लग्न तसं कसं ठेवायचं? रुखवतातल्या गालिच्यासाठी लोकर थापून केलेल्या नमद्याचे तुकडे उरले होते. त्यांचं तिनं डिस्कसाठी आंगडं शिवलं. दुहेरी, जाडजूड, वर लाल-काळी मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, आणि वायरीपुरती बारीकशी फट. डिस्क त्यात बाळासारखी झोपली. घरात येणारी प्रत्येक बाई आधी त्या आंगड्याला हात लावून बघायची आणि मग नवरीची चौकशी करायची.

फिल्म झाली. एक्स्पोर्टचं बटण दाबून जुमागुल पीठ मळायला गेली. परत आली तेव्हा फिल्म तयार होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा बघायला हवी होती. पण लेकीची पाठवणी जोडताना ती इतक्या वेळा रडली होती की आता पुन्हा रडायचं तिच्या जिवावर आलं. तिनं सुरुवात पाहिली, शेवट पाहिला, आणि फिल्म नारिनला पाठवून दिली.

दोन दिवसांनी बेगायिमचा फोन आला. आवाज कुजबुजता, कोंडलेला. आईला ती आपा म्हणे.

“कुठून बोलतेस गं?”

“कोठीतून. बटाट्यांच्या पोत्यामागून. आपा, काय केलंस हे तू?”

“काय केलं?”

“सगळे जमले होते. घरभर माणसं. मी चहा देत होते. सासूबाई माइक घेऊन उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, आणि आवाजच नाही! तोंड हलतंय, हात हलतोय, डोळ्याला रुमाल लागतोय, आणि आवाज नाही. माशासारख्या दिसत होत्या, आपा. आणि त्यांचं संपलं तसा लगेच आवाज आला, सगळे टाळ्या वाजवताहेत तो.”

जुमागुल खाली बसली.

विहीणबाई ओरोझकान म्हणजे नारिनच्या बालवाडीच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पन्नास पोरांना एका हाकेत झोपवलेली बाई. समोरचा मंत्री असो की म्हातारा, त्या आधी त्याला नीट बसायला सांगत आणि मग बोलायला लागत. अशा बाईला स्वतःच्या घरात, स्वतःच्या टीव्हीवर, स्वतःच्या नातेवाइकांसमोर मुकं केलं होतं. आणि केलं कुणी, तर विहिणीनं, जिनं आजवर कुणाची जीभ कापली नव्हती.

जुमागुलनं लगेच फोन लावला.

“विहीणबाई, माफ करा. मशीनची काहीतरी गडबड. मी लगेच—”

“बसलीयेस का?” ओरोझकान म्हणाल्या.

“बसलेय.”

“मग ऐक. मशीनला माझा राग का येईल? मी मशीनचं काय वाकडं केलंय? तुझ्या दिराचं बोलणं आलं. तुझ्या बहिणीचं आलं, ती तर रडण्याशिवाय काही बोललीच नव्हती, तेही स्पष्ट आलं. मशीन माणसं ओळखतं वाटतं?”

“तसं नाही हो. आधी आमच्याकडची पाठवणी आहे, मग तुमच्याकडचं लग्न. पुढच्या भागात काहीतरी बिघडलं.”

“हो ना. आमच्या भागात बिघडलं. तेच मी म्हणतेय.”

जुमागुलनं विचारायला नको होतं ते विचारलं. “मग बेगायिमला कधी आणताय? तुम्ही लग्नात म्हणाला होतात, पहिला बर्फ पडायच्या आत—”

“मी? कुठे म्हणाले?”

“त्याच भाषणात.”

“त्या भाषणात तर मी काहीच बोलले नाहीये,” ओरोझकान शांतपणे म्हणाल्या. “तुझ्याच फिल्ममध्ये बघ की. आधी माझा आवाज परत दे, मग माहेरपणाचं बोलू.”

फोन बंद झाला.

आता गंमत अशी की कॉम्प्युटरवर ते भाषण ठणठणीत होतं. जुमागुलनं त्या जागी जाऊन चालवून बघितलं. ओरोझकान अशा गरजल्या की मायरामबेक शेजारच्या खोलीत ताठ बसला. म्हणजे आवाज होता. आत होता, आणि फिल्म बाहेर काढताना वाटेत कुठेतरी उतरत होता.

तिनं पुन्हा एक्स्पोर्ट केली. या वेळी शार्शेनकाकांचं भाषण पूर्ण गेलं, आणि मग परतलेला आवाज ओरोझकानचं भाषण अर्धं होताच पुन्हा गेला. शार्शेनकाका हे जावयाचे थोरले चुलते. त्यांनी लग्नात फक्त घोड्याविषयी भाषण केलं होतं आणि त्याबद्दल ते फार समाधानी होते. घाईघाईत जुमागुलनं ही फिल्मही पाठवून दिली, निदान विहीणबाई अर्ध्या तरी खूश होतील म्हणून. विहीणबाई अर्ध्याही खूश झाल्या नाहीत, आणि शार्शेनकाका पूर्ण नाराज झाले. “माझ्या घोड्यानं तिचं काय खाल्लं?” एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सारला, असं बेगायिमनं बटाट्यांमागून कळवलं.

मग जुमागुल कामाला लागली. काही आवाज एका मापाचे भरलेले आणि काही दुसऱ्या, ते सगळे तिनं एका मापाचे करून घेतले. खरखर काढण्याचं फिल्टर काढून टाकलं. कॉम्प्युटरनं साठवलेल्या तात्पुरत्या फायली पुसल्या. प्रोग्राम उडवून पुन्हा टाकला. एवढं झाल्यावर जी फिल्म निघाली तिच्यात विहीणबाई पूर्ण आल्या नाहीत, घोडा आला नाही, आणि जावयाच्या पणजीबाई, ज्या हात पसरून फक्त ‘ओमिन’ एवढा एकच शब्द म्हणाल्या होत्या, त्यांचा तो एक शब्दही गेला.

“पणजीचा आशीर्वाद गेला,” मायरामबेक दचकून म्हणाला. “हे आता मशीनचं राहिलं नाही, जुमाश. नजर लागलीय.”

त्यानं नजर उतरवायच्या आर्चा झुडपाची सुकी फांदी पेटवली आणि धूर करत कॉम्प्युटरभोवती तीन फेऱ्या घातल्या. कीबोर्डवर राख पडली. त्यानंतरच्या फिल्ममध्ये शांतता पूर्वीसारखीच होती. फक्त जुमागुलला खोकला झाला.

“बिश्केकच्या तालायला विचार ना,” मायरामबेक म्हणाला. तालाय म्हणजे त्याचा शाळासोबती, राजधानीत जाहिराती जोडणारा.

“विचारलं. म्हणाला, नवा कॉम्प्युटर घ्या.”

“आणि?”

“आणि काय? मी म्हटलं, याच कॉम्प्युटरवर परवा पशुवैद्याच्या मुलाचं लग्न काढलं, त्यात पशुवैद्याच्या पोटातली गुरगुरसुद्धा आली. तर म्हणाला, मग तुमच्या मनातच काहीतरी असेल.”

हेच तर सगळं गाव म्हणत होतं. बाकीच्यांच्या फिल्म ठणठणीत, फक्त लेकीच्या सासरचे मुके. दुकानात बायका दबक्या आवाजात कौतुक करत. “बरं केलंस गं,” लोणी तोलता तोलता एकीनं म्हटलं. “माझीही विहीण फार बोलते. माझ्याकडे असं मशीन असतं तर!” जुमागुलनं कितीही शपथा घेतल्या तरी तिच्याकडे आता लोक जरा जपूनच बघू लागले, आणि पुढच्या लग्नातल्या वरमाईनं स्वतः येऊन तिला तळलेल्या पिठाच्या बोर्सोकांची परात दिली, आपला आवाज नीट यावा म्हणून.

दरम्यान पहिला बर्फ पडला. मग दुसराही. जुमागुल खिडकीतून घाटाकडे बघायची. लेकीची खोली तिनं झाडून ठेवली होती. गाद्यांच्या चळतीवर तिची आवडती निळी रजई सगळ्यात वर घडी करून ठेवली होती, आणि मायरामबेक चुकून तिच्यावर टेकला तर त्याला उठवत होती.

शेवटी विहीणबाईंनीच निरोप पाठवला. फिल्म आता माझ्या डोळ्यांदेखत निघेल. मी येऊन बसते.

ठरल्या दिवशी सकाळी त्या आल्या. बरोबर शार्शेनकाका, घोड्याचे हितसंबंध बघायला. जावई उलान गाडी चालवत होता. बेगायिम मात्र नव्हती.

“घरी कुणीतरी हवं ना,” ओरोझकान बूट काढता काढता म्हणाल्या. “पणजींना कोण बघणार?”

जुमागुलनं मान डोलावली. मेंढी कापलेली होती. विहीणबाईंना दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं, पाठीशी दोन उशा दिल्या. पण त्यांनी उशा उचलल्या आणि कॉम्प्युटरच्या शेजारी नेऊन ठेवल्या.

“मी इथे बसते. मला सगळं दिसलं पाहिजे.”

“विहीणबाई, तिथे मानाची जागा नाही.”

“आज आहे.”

अशा रीतीनं मानाची जागा हलली. तिच्यामागे चहा हलला, लोणी हललं, जर्दाळूचा मुरंबा हलला आणि शार्शेनकाकाही हलले. जुमागुलनं एक्स्पोर्टचं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या गतीनं सरकू लागली. ओरोझकान तिच्याकडे टक लावून बघत राहिल्या. झोपेचं सोंग घेणाऱ्या पोरांकडे बघायच्या तशा.

“ही पट्टी काय करते?”

“जोडते.”

“माझ्यापर्यंत आली की सांग.”

“आत्ताशी आमच्याकडची पाठवणी चाललीय.”

“अजून? किती लांब ठेवलीस ती पाठवणी.”

एका कपाचा चहा संपला. दुसऱ्या कपाला विहीणबाईंची नजर पट्टीवरून ढळली आणि मेजावर फिरली. फिरता फिरता डिस्कवर आली.

“अगंबाई! हे काय? किती सुंदर!” त्यांनी आंगड्यावरच्या शिंगांवरून बोट फिरवलं. “हे तू केलंस? आणि ऊबदार पण किती आहे! माझ्या फोनला असंच काहीतरी हवं होतं बघ. अगदी याच मापाचं.”

पाहुण्यानं घरातल्या वस्तूची तारीफ केली की ती त्याची झाली, हे तिथं कुणाला शिकवावं लागत नाही. आणि पाहुणी विहीण असली, रागावलेली असली, तर बोलायलाच नको. मायरामबेकनं बायकोकडे पाहिलं. ते आंगडं शिवताना तिनं किती सुया मोडल्या होत्या ते त्याला ठाऊक होतं.

“तुमचंच आहे, विहीणबाई,” जुमागुल म्हणाली. मन घट्ट करून तिनं एक्स्पोर्ट थांबवली, वायर काढली आणि आंगडं सोडवायला घेतलं.

डिस्क हाताला अशी लागली की तिनं ती जवळजवळ टाकलीच. भट्टीतून आत्ता काढलेल्या भाकरीसारखी तापलेली! तिनं ती घाईघाईनं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, बाकीच्या उघड्यानागड्या डिस्कांच्या शेजारी. काचेवर आतून बर्फाची नक्षी जमली होती.

आणि मग जुमागुल तिथेच उभी राहिली. डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. पशुवैद्याची डिस्क कट्ट्यावर असते, थंडगार. लेकीची दुहेरी नमद्यात. तुकडा तुकडा ऐकताना ती तापत नाही. पण अख्खी फिल्म निघायला लागली की पाठवणीपर्यंत धीर धरते, आणि नेमकी सासरची माणसं सुरू झाली की उन्हात चाललेल्या म्हातारीसारखी मधूनमधून बसकण मारते. चित्रं दुसरीकडे आहेत, ती चालत राहतात. प्रोग्राम काही न विचारता त्या जागी शांतता भरून देतो. नजर नाही, आकस नाही. लाडानं गुदमरली होती डिस्क.

“काय झालं?” ओरोझकान म्हणाल्या. “द्यावंसं वाटत नाहीये का?”

“नाही नाही. घ्या ना.” जुमागुलनं दोन्ही हातांनी आंगडं त्यांच्या हाती दिलं. “सुखानं वापरा.”

कारण काय ते तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर विहीणबाई घाट ओलांडायच्या आत सगळ्या नारिनला कळवणार होत्या की कोचकोरच्या हुशार बाईनं यंत्राला स्वेटर घातला. तिनं डिस्क उघडीच जोडली, पुन्हा बटण दाबलं आणि सगळ्यांना मटणाला बसवलं. शार्शेनकाकांना मानाचं हाड दिलं. त्यांनी ते हातात घेऊन आधी घोड्याची आठवण काढली.

जेवणं उरकली, हात पसरून ओमिन म्हणून झालं, आणि फिल्म टीव्हीवर लागली.

पाठवणीत जुमागुल रडली. बाकी कुणी बघत नव्हतं. जो तो आपली पाळी यायची वाट बघत होता. मग पणजीबाई आल्या, हात पसरले, आणि स्पष्ट ऐकू आलं, ‘ओमिन’. मायरामबेकनं सुस्कारा सोडला. घोडा आला. घोड्याचा बाप आला. घोड्याची शर्यतही आली. शार्शेनकाका सोबत ओठ हलवत होते.

“वा,” भाषण संपल्यावर ते म्हणाले. “काय बोललोय मी!”

आणि मग पडद्यावर ओरोझकान उभ्या राहिल्या. आवाज असा आला की ताटं थरथरली. त्यांनी मुलाला कसं वाढवलं ते सांगितलं. बालवाडीचं छत स्वतः उभं राहून कसं घालून घेतलं ते सांगितलं. त्या छताखाली वाढलेली किती मुलं आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत ते नावांसकट सांगितलं. खोलीतल्या ओरोझकान तृप्त होऊन उशीला रेलल्या. मांडीवरच्या आंगड्यावरून त्यांचा हात फिरत होता.

पडद्यावरच्या ओरोझकाननी डोळे पुसले. हॉलमधली टाळी त्यांना चढली होती. “बेगायिम माझी सून नाही,” त्या गरजल्या, “लेक आहे! विहीणबाई, काळजी करू नका. पहिला बर्फ पडायच्या आत मी स्वतः तिला तुमच्या दारात आणून सोडीन. आणि तिला वाटेल तितके दिवस तिनं आईच्या रजईत झोपावं. मी बोलावणार नाही! सगळ्यांसमोर सांगते!”

टाळ्या.

मग शार्शेनकाकांनी हळूच खिडकीबाहेर बघितलं. बाहेर अंगणात कुत्र्याच्या पोटापर्यंत बर्फ होता. कुत्रं त्यातून उड्या मारत चाललं होतं.

“हे... मी म्हटलं?” ओरोझकान म्हणाल्या.

“आवाज तर तुझाच आहे,” शार्शेनकाका म्हणाले. “असा आवाज दुसऱ्या कुणाचा नाही.”

“आई, म्हणाली होतीस तू,” उलान दारातून पुटपुटला. लग्न झाल्यापासून तो पहिल्यांदाच काहीतरी बोलला होता.

“तू नीट उभा राहा.” ओरोझकान जुमागुलकडे वळल्या. आवाज एकदम मऊ, साखरझोपेच्या वेळचा. “विहीणबाई, फिल्म फार छान झालीय हं. फक्त माझं बोलणं जरा लांबलंय, नाही? लोकांना कंटाळा यायचा. छतापर्यंत ठेव. छतानंतरचं तेवढं काढून टाकता येईल का? पटकन?”

जुमागुलनं चहा ओतला. कप थोडासाच भरला, जसा मानाच्या पाहुण्याला भरतात, म्हणजे तो पुन्हापुन्हा मागेल.

“येईल की, विहीणबाई. माझं कामच ते. पण आता कापलं तर लोक म्हणतील, जुमागुलनं विहिणीची जीभ कापली. माझं सोडा. तुमचं कसं दिसेल?”

ओरोझकाननी कप घेतला. बराच वेळ त्या फुंकर मारत राहिल्या. चहा तेवढा गरम नव्हता.

“रविवारी,” शेवटी त्या म्हणाल्या. “रस्ता उघडा असला तर.”

“उघडा असतो,” शार्शेनकाका म्हणाले. “आत्ताच आलो ना आपण.”

रविवारी गाडी आली. डिकीत भेटवस्तू, मागच्या सीटवर बेगायिम, डोक्याला पांढरा रुमाल. अंगणातल्या बर्फात तिनं बूट न सांभाळता उडी मारली. जुमागुल दारातच उभी राहिली. धावायचं नाही, एवढंच तिनं स्वतःला बजावलं होतं. ते तिला जमलं नाही.

चौथ्या दिवशी नारिनहून फोन आला. निळी रजई अजून अंथरलेलीच होती आणि बेगायिम तिच्यात लोळत फुटाणे खात होती.

“जुमागुल, बसलीयेस का?” विहीणबाईंचा आवाज. “ऐक, पणजी सुनेची फार आठवण काढताहेत, तेव्हा उद्याच्या उद्या तिला—”

आणि आवाज गेला. मग आला. “—म्हणतेय मी, ऐकू येतंय का? उद्याच्या—” पुन्हा गेला.

“आपा, काय म्हणताहेत?”

थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजला. “हा फोन मेला सारखा बंद पडतोय! विस्तवासारखा तापतो. चार्जिंगला लावला की तर विचारू नकोस. आणि मी इतका जपते, तुझ्या त्या आंगड्यातून तर बाहेरसुद्धा काढत नाही. तुला यातलं कळतं, काय होत असेल गं याला?”

जुमागुलनं लेकीकडे पाहिलं. तिच्या गालाला फुटाण्याचं साल चिकटलं होतं.

“सांगता येत नाही, विहीणबाई,” ती म्हणाली. “थंडीचे दिवस आहेत. चांगला गुंडाळून ठेवा.”